आभाळातला टँकर

महाड-पोलादपूरकडे टँकर हा शब्द लहान मुलालाही समजावून सांगावा लागत नाही. मार्च सरला की डोंगरातल्या वाड्यांवर पाण्याचा टँकर फिरायला लागतो. पावसाळ्यात चार-चार दिवस सूर्य न दिसणाऱ्या पोलादपूर तालुक्यात एप्रिल-मेमध्ये बाया हंडे घेऊन टँकरची वाट बघतात. बाहेरच्यांना हे कोडं वाटतं, आम्हाला त्याची सवय झाली आहे. दुसरा टँकर महाड एमआयडीसीचा. बिरवाडीकडून हायवेला लागतो, पाठीवर चौकोनी पाटी, पाटीवर आकडे आणि ज्वाळेचं नाहीतर कवटीचं चित्र. तिसरा पेट्रोल-डिझेलचा. कशेडी घाटात यातला एखादा आडवा झाला की दोन्ही बाजूंना गाड्यांची रांग लागते आणि मुंबईहून गावाला निघालेली माणसं पोलादपूरच्या हॉटेलात चहा पीत बसतात.

चौथा टँकर माझ्या भाचीने आमच्या घरात आणला. हा आभाळातला.

भाची बारावी सायन्सला आहे. २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने एनडीएचं दार मुलींना उघडलं, २०२२ मध्ये पहिली तुकडी खडकवासल्याला गेली आणि मे २०२५ मध्ये त्यातल्या सतरा मुली बाहेर पडल्या. तेव्हापासून हिच्या डोक्यात एनडीएच आहे. मुलींना फायटर उडवायचं असतं, असं मला वाटायचं. पण हिला मोठी विमानं आवडतात. एकदा मोबाईल पुढे करून म्हणाली, "मामू, हे बघा, हवेत पेट्रोल भरणारं विमान. याला टँकरच म्हणतात."

अम्मी बाजूला लसूण सोलत होती. म्हणाली, "टँकरच चालवायचा तर एवढं शिकायला कशाला हवं? शेजारचे चाचा चालवतातच की."

आम्ही हसलो. पण अम्मीचं वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. टँकर चालवायला किती शिकावं लागतं, कोण शिकवतं, आणि पुरेसं शिकवलं नाही तर त्याचा जाब कोणाला विचारायचा, हे प्रश्न कशेडी घाटातही आहेत आणि आभाळातही. या लेखात त्यांच्याबद्दलच लिहितो आहे.

फौज आमच्या तालुक्याला परकी नाही. महाड तालुक्यात फौजी आंबवडे नावाचं गाव आहे. पहिल्या महायुद्धापासून तिथल्या घराघरातून माणसं सैन्यात गेली, म्हणून गावाच्या नावातच फौज आली. "आपल्यातलं कोणी विमानात असतं का?" असंही अम्मीने विचारलं. तिला एअर चीफ मार्शल इद्रिस हसन लतीफ यांचं नाव सांगितलं. १९७८ ते १९८१ ते भारतीय हवाई दलाचे प्रमुख होते आणि त्यानंतर आपल्या महाराष्ट्राचे राज्यपाल. तिने मान हलवली आणि पुन्हा लसूण सोलायला घेतला.

आता हा टँकर काय करतो ते आधी सांगतो. लढाऊ विमानाची टाकी लहान असते. लांब जायचं किंवा जास्त वेळ आभाळात राहायचं, तर वाटेत इंधन लागतं. त्यासाठी एक मोठं विमान टाक्या भरून आधीच वर जातं आणि ठरलेल्या पट्ट्यात फेऱ्या मारत राहतं. आपल्या हवाई दलाकडे यासाठी इल्युशिन-७८ जातीची सहा विमानं आहेत, २००३ पासून, आग्र्याला. या विमानातून लांब नळी मागे सोडतात. नळीच्या टोकाला टोपलीसारखा भाग असतो. मागून येणारं लढाऊ विमान आपल्या नाकाजवळची दांडी त्या टोपलीत घालतं आणि इंधन वाहायला लागतं. दोन्ही विमानं ताशी पाचशे किलोमीटरच्या आसपास धावत असतात, पण एकमेकांच्या जवळ मात्र माणूस चालतो तेवढ्याच वेगाने यायचं असतं. त्याहून जोरात आलं तर नळी चाबकासारखी उसळते.

यात टँकरच्या वैमानिकाचं काम दिसायला सोपं आहे. त्याने सरळ, एका वेगाने, एका उंचीवर उडत राहायचं. पण वारा, ढग, अंधार आणि मागे लटकलेलं दुसरं विमान यांच्यासकट तासन् तास सरळ उडणं हीच त्याची परीक्षा. शिवाय पोटातलं इंधन कमी होत जातं तसं विमानाचं वजन बदलतं आणि तोलही सरकतो. कोणत्या टाकीतून किती काढायचं याचं भान सुटलं तर विमान हाताबाहेर जाऊ शकतं.

हे मी चाचांना सांगितलं तेव्हा त्यांना अजिबात नवल वाटलं नाही. चाचा पंचवीस वर्षं टँकरवर आहेत. ते म्हणाले, "भरलेला टँकर शहाणा असतो, रिकामाही शहाणा असतो. अर्धा भरलेला वेडा असतो." अर्ध्या टाकीत माल हलतो. ब्रेक मारला की तो पुढे धावतो आणि गाडी थांबल्यानंतरही तिला पुढे ढकलतो. वळणावर तो बाहेरच्या बाजूला जातो आणि गाडीला आपल्याबरोबर ओढतो. म्हणून टाकीच्या आत आडवे पडदे घालतात, पण त्यानेही हलणं पूर्ण थांबत नाही. कशेडी उतरताना हे ज्याला माहीत नाही त्याला ब्रेक दाबल्यावरच कळतं, आणि तेव्हा उशीर झालेला असतो.

चाचा हे कुठे शिकले? उस्तादाकडे. आधी चार-पाच वर्षं क्लीनर. टायर बदलायचे, काच पुसायची, रात्री उस्तादाला झोप येऊ नये म्हणून बोलत राहायचं. मग रिकाम्या गाडीवर, सपाट रस्त्यावर स्टिअरिंग. मग भरलेल्या गाडीवर. घाट सगळ्यात शेवटी, आणि तोही उस्ताद बाजूला बसलेला असताना. ज्या गिअरमध्ये चढलास त्याच गिअरमध्ये उतर, डिझेल वाचवायला न्यूट्रल करू नको, हे उस्तादाने हातावर चापट मारून शिकवलं. आता क्लीनर ठेवणं मालकाला परवडत नाही, पोरं लायसन्स काढून थेट स्टिअरिंगवर बसतात, असं चाचा म्हणतात. कायद्यात तरतूद आहे. धोकादायक माल नेणाऱ्या ड्रायव्हरला केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे तीन दिवसांचं खास प्रशिक्षण घ्यावं लागतं आणि लायसन्सवर तशी नोंद लागते. गळती झाली तर काय करायचं ते लिहिलेलं कार्ड केबिनमध्ये ठेवावं लागतं. तीन दिवस. चाचांच्या उस्तादाने पाच वर्षं लावली होती.

तीन दिवस कमी आणि पाच वर्षं भरपूर, एवढंच म्हणून मला थांबायचं नाही. शिकवणं किती दिवसांचं होतं यापेक्षा त्यात काय शिकवलं हे महत्त्वाचं असतं. यावर आभाळातल्या टँकरची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे.

३ मे २०१३. मध्य आशियातल्या किर्गिझस्तानमधल्या मनास तळावरून अमेरिकन हवाई दलाचा केसी-१३५ जातीचा टँकर उडाला. अफगाणिस्तानवर उडणाऱ्या विमानांना इंधन द्यायला तो निघाला होता. आत तिघं जण, दोन वैमानिक आणि इंधन भरणारा एक कर्मचारी. दोन वैमानिकांपैकी एक बाई होती. तिघांत तिशीच्या पुढचं कोणी नव्हतं. उड्डाणानंतर थोड्याच मिनिटांत विमान डुलायला लागलं. शेपटीवरची उभी सुकाणूपट्टी, जिला रडर म्हणतात, तिच्या यंत्रणेत बिघाड होता. नाक डावीकडे-उजवीकडे जायचं आणि त्याबरोबर पंख वर-खाली व्हायचे. या डुलण्याला विमानवाले 'डच रोल' म्हणतात. हे काय चाललं आहे ते तिघांना ओळखता आलं नाही. ऑटोपायलट लावून बघितला, त्याने डुलणं वाढलं. मग वळण घेताना पायाने रडर दाबला गेला. त्या अवस्थेत रडर वापरणं सगळ्यात वाईट होतं. डुलणं इतकं वाढलं की शेपूट तुटून वेगळी झाली आणि विमान हवेतच फुटलं. तिघंही गेले.

आपल्याकडच्या सवयीने पाहिलं तर अहवाल एका ओळीत संपला असता : वैमानिकाने चुकीच्या वेळी रडर वापरला, मानवी चूक. अमेरिकन हवाई दलाचा चौकशी अहवाल तिथे थांबला नाही. यंत्रणेत बिघाड होता, हे त्यात आहे. डच रोल ओळखणं आणि त्यातून बाहेर पडणं याचं वैमानिकांना पुरेसं शिक्षण दिलं गेलं नव्हतं, हे आहे. अशा वेळी हातात घ्यायच्या सूचना-यादीत मजकूर अपुरा होता, हेही आहे. आणि ज्या सिम्युलेटरवर ते शिकले, त्या नकली कॉकपिटमध्ये हे डुलणं खऱ्यासारखं उभंच करता येत नव्हतं. म्हणजे ज्या प्रसंगात त्यांचा जीव गेला, तो प्रसंग त्यांना शिकताना कधी नीट भेटलाच नव्हता.

हे वाचल्यावर मला चाचांचा अर्धा टँकर आठवला. उस्तादाने तो प्रसंग आधी घडवून आणला होता, रिकाम्या रस्त्यावर, स्वतः बाजूला बसून. या तिघांच्या शिक्षणात नेमकी तीच जागा रिकामी राहिली होती.

नवीन वैमानिकांबद्दलची आजची काळजी इथूनच सुरू होते. विमान उडवणं महाग आहे. इंधन, सुटे भाग, जुनी झालेली शिकाऊ विमानं, सगळं महाग. त्यामुळे जगभर शिक्षणाचा मोठा भाग सिम्युलेटरवर सरकतो आहे. अमेरिकेत टँकर आणि मालवाहू विमानांकडे जाणारे वैमानिक पूर्वी टी-१ नावाच्या छोट्या जेटवर शिकायचे. ते विमान निवृत्त करायला घेतलं गेलं आणि त्या टप्प्यावरचं शिक्षण सिम्युलेटरवर नेलं गेलं. सिम्युलेटर वाईट नाही. इंजिनला आग लागणं, वीज जाणं, चाक न उघडणं, हे खऱ्या विमानात करून बघता येत नाही, सिम्युलेटरवर शंभर वेळा करता येतं. पण त्यात जेवढं भरलं आहे तेवढंच तो शिकवतो. आणि आपण इथे मरणार नाही, हे त्यात बसलेल्या माणसाला पक्कं माहीत असतं. खऱ्या विमानात पोटात येणारा गोळा तिथे येत नाही. म्हणून तास मोजताना दोन्ही वेगळे मोजायला हवेत, आणि एकाची भरपाई दुसऱ्याने किती होते हे उडवणाऱ्यांना विचारून ठरवायला हवं. नुसतं हिशोबनिसांना विचारून ते ठरू नये.

आपल्याकडे काय झालं ते फार दूर जाऊन शोधायला नको. पुण्याच्या गाडगीळ कुटुंबाची गोष्ट अनेकांना आठवत असेल. फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ १७ सप्टेंबर २००१ रोजी राजस्थानातल्या सुरतगडला मिग-२१ च्या अपघातात गेला. चौकशीचा रोख वैमानिकाकडे होता. आई कविता गाडगीळ यांनी ते मान्य केलं नाही. एक मराठी आई हवाई दलाला प्रश्न विचारत वर्षानुवर्षं उभी राहिली : माझ्या मुलाला कोणतं विमान दिलं होतं? त्या विमानासाठी त्याला तयार कशावर केलं होतं? पुढे आई-वडिलांनी मुलाच्या नावाने हवाई सुरक्षेसाठी संस्था काढली आणि पुण्यात नवशिक्यांना सिम्युलेटरवर धडे देण्याचं काम सुरू केलं. 'रंग दे बसंती' आपण सगळ्यांनी पाहिला. त्या सिनेमामागे जी खरी दुःखं होती, त्यातलं एक पुण्याचं होतं.

त्यांच्या प्रश्नात दम होता, हे सरकारच्या स्वतःच्या कागदांवरून दिसतं. शिकाऊ वैमानिक 'किरण' या साध्या, हळू जेटवरून थेट मिग-२१ वर जायचे. मिग-२१ धावपट्टीवर उतरायचं तेच ताशी तीनशे किलोमीटरहून जास्त वेगाने. आमच्याकडच्या भाषेत, स्कूटर शिकवली आणि दुसऱ्या दिवशी भरलेला टँकर देऊन कशेडीत पाठवलं. मधली पायरी हवी, म्हणजे प्रगत जेट शिकाऊ विमान हवं, असं एअर मार्शल ला फाँतेन यांच्या समितीने १९८२ मध्ये सांगितलं. पुढे ला फाँतेन स्वतः हवाई दलप्रमुख झाले, निवृत्त झाले, तरी विमान आलं नाही. १९९७ मध्ये डॉ. एपीजे अब्दुल कलाम यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने लढाऊ विमानांच्या अपघातांचा पुन्हा अभ्यास केला. ब्रिटिश 'हॉक' विमानांचा करार अखेर २००४ मध्ये झाला आणि २००८ मध्ये मराठवाड्याला लागून असलेल्या बीदरच्या तळावर ती दाखल झाली. शिफारशीपासून विमान येईपर्यंत सव्वीस वर्षं. मे २०१२ मध्ये तेव्हाचे संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी राज्यसभेत आकडे दिले : घेतलेल्या ८७२ मिग विमानांपैकी ४८२ अपघातात गेली, १७१ वैमानिक मेले आणि त्यांच्याबरोबर जमिनीवरचे ३९ सामान्य नागरिक. हे नागरिक शेतात, घरात, रस्त्यावर होते. त्यांना कोणी विचारलंही नव्हतं.

सप्टेंबर २०२५ मध्ये चंदीगडला मिग-२१ चा निरोप समारंभ झाला. टीव्हीवर सगळे भावुक झाले होते. मला ते सव्वीस वर्षांचं अंतर आठवत होतं.

आता टँकरकडे येऊ. कॅगने २०१७ च्या अहवालात आपल्या इल्युशिन टँकरबद्दल लिहिलं की २०१० ते २०१६ या काळात ही विमानं सरासरी ४९ टक्केच उड्डाणाला तयार असायची, अपेक्षा ७० टक्क्यांची होती. सहा विमानांपैकी कोणत्याही दिवशी साधारण तीनच. वाचणाऱ्याला हा दुरुस्तीचा विषय वाटेल. मला तो शिक्षणाचाही वाटतो. विमान शेडमध्ये उभं असेल तर नवा वैमानिक शिकणार कशावर? आणि जी तीन उडतात ती आधी कामाला जाणार, शिकाऊंच्या वाट्याला उरलेले तास. नवे टँकर घ्यायचे दोन प्रयत्न झाले, दोन्ही वेळा निवड होऊनही खरेदी रद्द झाली. शेवटी मार्च २०२५ मध्ये संरक्षण मंत्रालयाने मेट्रिया नावाच्या खासगी कंपनीशी करार केला : एक केसी-१३५ टँकर भाड्याने, चालक दलासकट, हवाई दलाच्या आणि नौदलाच्या वैमानिकांना हवेत इंधन घेण्याचा सराव देण्यासाठी. ड्रायव्हरसकट जीप भाड्याने घ्यावी तसं. जात तीच, किर्गिझस्तानात डुलून तुटलेल्या विमानाची.

या कराराला मी नावं ठेवत नाही. सराव बंद पडण्यापेक्षा भाड्याच्या विमानावर सराव बरा. पण यात शिकणार आहेत ते इंधन घेणारे. इंधन देणारे आपले नवे वैमानिक त्याच सहा विमानांवर तयार व्हायचे आहेत. त्यांना वर्षाला किती तास मिळतात, हा प्रश्न भाड्याच्या विमानाने सुटत नाही.

भाचीने सगळं ऐकून मला एकच विचारलं, "मामू, तिथे काही झालं तर चूक कोणाची म्हणतात?"

याचं उत्तर मला आमच्या घाटांतून द्यावं लागलं. आमच्याकडे अपघातानंतर दोन शब्द ऐकू येतात. पहिला 'नशीब', दुसरा 'मानवी चूक'. पहिला शब्द मयतीला आलेली माणसं वापरतात, दुसरा कागदावर येतो. दोन्ही शब्दांनंतर बोलणं संपतं.

२८ जुलै २०१८ रोजी दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची बस पोलादपूरजवळ आंबेनळी घाटात दरीत गेली. तीस माणसं गेली, एक वाचला. महाबळेश्वर ट्रेकर्सची आणि आसपासची पोरं दोर लावून दरीत उतरली आणि त्यांनी मृतदेह वर आणले. हे काम त्यांना त्या दिवशी अचानक जमलं नाही. वर्षानुवर्षं सराव केला होता म्हणून जमलं. त्या आठवड्यात पोलादपूरच्या टपऱ्यांवर ड्रायव्हरवर भरपूर बोललं गेलं. पावसाळ्यात घाटात बस नेण्यासाठी ड्रायव्हरला काय शिकवलेलं असावं लागतं, यावर मी कोणाला बोलताना ऐकलं नाही.

त्याआधी २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात गेला. दोन एसटी बस आणि एक तवेरा नदीत गेली. त्या एसटीच्या ड्रायव्हरांनी आयुष्यात किती घाट उतरले असतील. काही उपयोग झाला नाही, कारण चूक स्टिअरिंगवर नव्हतीच, रस्ताच पुढे नव्हता. उत्तम शिकलेल्या माणसाच्या हातातही आपण तुटका पूल देऊ शकतो, हे महाडने बघितलं आहे. ३ मे २०२४ ला महाडमध्ये एका राजकीय नेत्याला न्यायला आलेलं खासगी हेलिकॉप्टर उतरतानाच कोसळलं. धुरळा उडाला, पाती तुटली, सुदैवाने जीव कोणाचा गेला नाही. व्हिडिओ गावभर फिरला आणि प्रत्येक जण "पायलट नवा असेल" म्हणाला. उतरायची जागा कोणी ठरवली, तिथे आधी पाणी मारून धूळ बसवली होती का, हे विचारणारं कोणी भेटलं नाही.

नशीब मानणाऱ्या घरातच मी वाढलो आहे. तकदीरवर माझाही विश्वास आहे. पण उंटाची ती गोष्ट आपल्या सगळ्यांना लहानपणी सांगितलेली असते : आधी उंट बांध, मग अल्लाहवर भरोसा ठेव. शिक्षण म्हणजे उंट बांधणं. न बांधलेला उंट पळाला तर ते तकदीरवर घालणं बरोबर नाही.

आणखी एक गोष्ट शिकवावी लागते, ती 'नाही' म्हणण्याची. नवा वैमानिक टँकरवर जातो तेव्हा तो उजव्या खुर्चीत बसतो, डावीकडे साहेब. साहेब चुकत असेल तर त्याने टोकायचं असतं. आपल्याकडे मोठ्यांना उलट बोलू नये हे संस्कारात आहे, फौजेत तर हुकूमच असतो. २२ मे २०१० ला दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान मंगळूरला धावपट्टीच्या पुढे दरीत गेलं आणि १५८ माणसं गेली. आखातात कमवायला गेलेली माणसं होती ती, कोकणातल्या घराघरात आहेत तशीच. सहवैमानिकाने उतरू नका, परत वर चला, असं तीन वेळा सांगितलं होतं, हे चौकशीत नोंदलेलं आहे. त्याला बोलायचं शिकवलं होतं, तो बोलला. ऐकायचं शिक्षण कमी पडलं.

'नाही' म्हणण्याला आपणही मदत करायची असते. २२ जुलै २०२१ च्या रात्री महाड पाण्याखाली होतं आणि त्याच संध्याकाळी तळियेवर दरड आली होती. मदत दुसऱ्या दिवशी पोहोचली. "हेलिकॉप्टर का येत नाही?" हा प्रश्न गच्चीवर बसलेला प्रत्येक माणूस विचारत होता, आणि त्याने विचारायलाच हवा. पण ढग डोंगराला टेकलेले असताना, रात्री, सह्याद्रीच्या घळीत हेलिकॉप्टर घालणं म्हणजे काय, हेही आपण समजून घ्यायला हवं. वैमानिकाने तिथे 'आत्ता नाही' म्हटलं, तर आपण त्याला भित्रा म्हणू नये.

भाचीला मी हो किंवा नाही काहीच सांगितलं नाही. तिची वाट ती ठरवेल, इन्शाअल्लाह. पण चार प्रश्न तिला वहीत लिहून दिले आहेत. शिकवणारे पुरेसे आहेत का, आणि एका उस्तादामागे किती शिष्य? खऱ्या विमानाचे तास किती आणि सिम्युलेटरचे किती? ज्या प्रसंगात आधीचे लोक मेले, ते प्रसंग आता शिकवले जातात का? आणि टोकणाऱ्या ज्युनिअरचं पुढे काय होतं? हेच प्रश्न एमआयडीसीच्या टँकरमालकाला विचारता येतात, शाळेची सहल घाटात नेणाऱ्या बसवाल्यालाही विचारता येतात.

फौजेबद्दल प्रश्न विचारणं म्हणजे फौजेवर संशय घेणं, असं हल्ली पटकन म्हटलं जातं, आणि आमच्या नावाच्या माणसाने विचारलं तर जरा जास्तच पटकन. कविता गाडगीळ यांनी तर आपला मुलगा दिला होता आणि मग प्रश्न विचारले होते. ज्यांची पोरं-पोरी तिथे जाणार आहेत, त्यांनी ते पोरं जाण्याआधी विचारले तर जास्त बरं.